स्वस्तातली पन्नाशी

नवा कॅमेरा घेतला की ओळखीतला एखादा जाणकार हजर होतो: 'बॉडीचं सोड रे, पैसा लेन्सवर घाल.' मग पर्वतीवर सूर्योदय टिपायला दीड किलोची ७०-२०० एमएम झूम लेन्स निघते, सोबत मानदुखीचं मलम. कॅननची ५० एमएम एफ/१.८ एसटीएम भरते जेमतेम १६० ग्रॅम, म्हणून तिला विचारतो कोण? स्वस्त, प्लॅस्टिकची, वर झूमही नाही! कॅमेऱ्यासोबत मिळणारी किट लेन्स ५० एमएमला एफ/५.६ वर अडते, तिथे ही सुमारे दहापट प्रकाश आत घेते. समईच्या उजेडात आजीच्या सुरकुत्या फ्लॅशशिवाय मिळतात. पण सुरकुत्यांना लाइक किती पडणार? छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँनं बहुतेक कारकीर्द ५० एमएमवरच काढली. त्याला बिचाऱ्याला आपला जाणकार भेटला नसावा. या पन्नाशीत खोट आहे, नाही असं नाही. कॅननच्या छोट्या सेन्सरवर ती ८० एमएमसारखी वागते. वन रूम किचनमध्ये सगळं कुटुंब चौकटीत बसवायचं, तर फोटो काढणाऱ्याला गॅलरीत जाऊन उभं राहावं लागतं. तेवढी चार पावलंही जड जात असतील तर खुशाल झूम घ्या, आणि कपाटात पडलेली पन्नाशी भाचीला देऊन टाका.