अंगाबेताचे घर

शिंप्याकडे सदरा टाकताना आपण गळ्यापासून मनगटापर्यंत माप देतो. परंतु ज्या घरात तो सदरा खुंटीला टांगून उरलेले आयुष्य काढायचे, ते घर मात्र कोणा अपरिचित गृहस्थाने स्वतःच्या देहयष्टीच्या हिशेबाने बांधलेले असते आणि त्यात आपण निमूटपणे मावून घेतो, ही गोष्ट ध्यानात येण्यास मला सेवानिवृत्त व्हावे लागले. सदाशिव पेठेतील आमच्या दोन खोल्या मिळून क्षेत्रफळ ३८० चौरस फूट. पूर्वीचे मालक ताडमाड असावेत. कारण स्वयंपाकाचा ओटा ३४ इंच उंच, आणि आमच्या मंडळींची उंची ४ फूट १० इंच. ओट्यावर शेगडी, शेगडीवर पातेले, अशी चढती भाजणी असल्याने आमटीला उकळी फुटली की नाही हे पाहण्यासाठी ती जेवणाच्या सागवानी पाटावर उभी राहत असे. पाटावर बसायचे असते, हा संकेत आमच्या घरी २२ वर्षे तहकूब होता.

भविष्यनिर्वाह निधीतून मी १,२०,००० रुपये मंजूर केले. अंदाजपत्रक मी मोत्यासारख्या अक्षरात लिहिले होते. गवंड्याने ते आदराने हातात घेतले, उलटे केले आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर आपला हिशेब मांडला.

पहिला वाद ओट्याचा. मंडळींना ग्रॅनाइट हवा होता, खजिन्याला परवडत नव्हता. जुनी कडप्प्याची फरशीच पुन्हा बसवावी, असा ठराव मी मांडला. कडप्पा म्हणजे अखेर चुनखडीचीच जात, लिंबाचा थेंब पडला की ती खाल्ली जाते आणि पांढुरका डाग कायमचा उरतो. आमच्या कडप्प्यावर असे इतके डाग होते की, कोणत्या उन्हाळ्यात किती सरबत झाले याचे ते दप्तरच म्हणावे. "हे दप्तर आता जाळा," असे ती म्हणाली. परंतु दगड जळत नाही, या मुद्द्यावर मी तो ठराव संमत करून घेतला. मोबदल्यात उंची तिच्या मर्जीची ठरली. तिने कोपरात हात दुमडला, पोळपाट-लाटणे मांडून हवेतल्या हवेत एक पोळी लाटली, आणि गवंड्याने तेथेच पेन्सिलीने भिंतीवर रेघ ओढली : ३० इंच.

ओटा झाला. पुढे जमिनीची पाळी आली, आणि येथे माझ्या काटकसरीने घात केला. जुनी शहाबादी उखडायची तर मजुरी वेगळी आणि राडारोडा दोन जिने उतरवून टेम्पोत भरण्याचे पैसे वेगळे. गवंडी दबल्या आवाजात म्हणाला, "साहेब, वरच्यावर टाइल मारून टाकू." एवढी सरळ, निरुपद्रवी आणि स्वस्त सूचना मला आयुष्यात कोणी केली नव्हती. मी तात्काळ रुकार दिला.

शहाबादीवर सिमेंटचा थर, थरावर टाइल, मिळून जमीन दोन इंचांनी वर आली, हे आम्हांला प्रथम दारांनी कळवले. एकही दार उघडेना. सुताराने ती बिजागऱ्यांतून काढून खालून कापली, रंधा मारला, आणि टेम्पोचे वाचलेले पैसे जवळजवळ पैशाला पैसा त्याच्या खिशात गेले. ३० इंचांचा ओटा आता २८ इंचांचा झाला होता. माझ्या पोटात गोळा आला; परंतु मंडळी पुढे झाली, शेगडीवर पातेले ठेवून आत डोकावली आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अहो, तळ दिसतो."

ते दोन इंच गेले मात्र कोठेच नव्हते. माझी उंची ५ फूट ११ इंच, आणि स्वयंपाकघराच्या जुन्या चौकटीची ६ फूट. इतकी वर्षे मी त्या चौकटीखालून एका इंचाच्या फरकाने, पण ताठ मानेने गेलो होतो. नव्या जमिनीवरून पहिल्यांदा गेलो तो खाडकन आवाज झाला आणि मंडळींनी आतून विचारले, "काय पडलं?" चौकट उंच करण्याचा अर्ज मी त्याच दिवशी गुदरला. परंतु एव्हाना खर्च १,६१,००० वर पोहोचला होता आणि माझ्याच वळणदार सहीच्या 'शिल्लक नाही' या शेऱ्यानिशी तो निकालात निघाला.

रिकामा झालेला तो सागवानी पाट तिने घासूनपुसून, चौकटीसमोरच्या कोनाड्यात मांडला आणि त्यावर देव बसवले. तेव्हापासून चहाच्या आशेने दिवसातून दहा वेळा आत जाताना मी मान लववतो. शेजारच्या काकूंनी परवा हे पाहिले आणि म्हातारपणी माझ्या ठायी उपजलेल्या या भक्तीबद्दल मंडळींपाशी तोंड भरून कौतुक केले. तिने ते शांतपणे ऐकून घेतले, आणि त्यांना आणखी अर्धा कप चहा दिला.