अंदाजपंचे कॅलरी

हल्ली ताट वाढलं की आधी मोबाइलला नैवेद्य दाखवावा लागतो. फोटो काढायचा, ॲपचा कौल यायची वाट पाहायची, मगच घास घ्यायचा. थालीपीठ : २८७ कॅलरी. भाजणी कसली, वर लोण्याचा गोळा केवढा, याची चौकशी नाही. आकडा मात्र सोनाराच्या काट्यावर तोलल्यासारखा!

या हिशेबाचे मूळपुरुष अमेरिकेचे विल्बर ॲटवॉटर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी अन्न जाळून उष्णता मोजली, माणसांना बंद खोलीत ठेवून त्यांच्या अंगातून निघणारी उष्णता मोजली, मलमूत्रातून वाया जातं ते वजा केलं आणि सरासरी काढली. पिष्ट आणि प्रथिनं ग्रॅमला ४, स्निग्ध ९. माणूस मेहनती होता, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. त्याच्या सरासरीला आपण आपापली जन्मपत्रिका करून टाकली.

पोट सरासरीने चालत नाही. अमेरिकी कृषी खात्याच्या संशोधकांनी २०१२ साली माणसांना खरोखरच बदाम खाऊ घालून हिशेब तपासला. २८ ग्रॅम बदामांच्या कागदावर १७०च्या आसपास कॅलरी, अंगी लागल्या १२९. बदामातलं बरंचसं तेल पेशींच्या भिंतींआड अडकलेलं असतं. दात तिथवर पोचत नाहीत, पाचकरसही नाहीत. बाकीचा मुद्देमाल सकाळी जसाच्या तसा परत! तेच बदाम मिक्सरमधून गुळगुळीत काढले, की कागदावरच्या जवळपास सगळ्या कॅलरी पदरात पडतात. म्हणजे आकडा बदामाचा नसून दातांचा आणि मिक्सरचाही. त्यात प्रथिनांच्या १०० कॅलरींपैकी २०-३० ती पचवण्यातच उडतात. तुपाच्या फार तर तीन.

म्हणून कॅलरी हे थोतांड ठरवून कुणी श्रीखंडाचं पातेलं पुढे ओढू नये. खाणं कमी केलं की वजन उतरतंच. पण अमेरिकेत पाकिटावरच्या आकड्यापेक्षा २० टक्क्यांपर्यंत जास्त कॅलरी निघाल्या तरी कायद्याला चालतं, आणि इथे आमचे मित्र उरलेल्या १२ कॅलरी जिरवायला रात्री जिना चढउतर करतात.

दहा किंवा जास्त शाखांच्या हॉटेलांना आता आपल्याकडेही मेन्यूवर कॅलरी छापाव्या लागतात. एका गाळ्यातला मिसळवाला यातून सुटला, हे बरं झालं. गिऱ्हाइकाने तिसऱ्यांदा तर्री मागितल्यावर त्याने रस्सा वाढायचा, की पाटी पुसून नवा आकडा लिहायचा?