रूटकरी नाना

उज्जैनला फ्रीगंजच्या टॉवर चौकात सकाळी पोहे-जिलेबी खाताना कुणी तुमचा टेबलावरचा फोन उचलला, उलटापालटा केला आणि "बूटलोडर उघडलाय का हो?" असं विचारलं, तर ते आमचे नाना समजा. तुम्ही "नाही" म्हणालात की ते फोन जागेवर ठेवतात आणि स्वतःच्या ताटलीतली अर्धी जिलेबी तुमच्याकडे सरकवतात. सांत्वन म्हणून.

नानांचे पूर्वज शिंद्यांच्या लष्कराबरोबर माळव्यात आले आणि इथलेच झाले. 1810 मध्ये दौलतराव शिंद्यांनी राजधानी उज्जैनहून ग्वाल्हेरला हलवली, याचा राग नानांच्या घराण्यात अजून धुमसतो. मात्र नानांचा आक्षेप वेगळा आहे. "एवढं अख्खं राज्य हलवलं, पण बॅकअप घेतला नाही!"

रूट करणं म्हणजे काय, हे नाना अनोळखी माणसालाही सांगतात. फोन तुम्ही पैसे मोजून घेता, पण राहता त्यात भाडेकरू म्हणून. खिळा ठोकायचा तरी कंपनीला विचारा. रूट केलं की मालकाच्या चाव्या हातात येतात. या चाव्या मिळवण्याचे दोन मार्ग. पहिला, कळ दाबा आणि मोकळे व्हा. दुसरा, आधी बूटलोडर नावाचं फोनचं मुख्य दार उघडा, मग केबल, संगणक, ड्रायव्हर, रात्रीचं जागरण. पहिल्या मार्गाला नाना 'रेडिमेड' म्हणतात, आणि हा शब्द ते रेडिमेड पुरणपोळीबद्दल ज्या सुरात काढतात त्याच सुरात काढतात.

खरं तर रेडिमेडचाही एक काळ होता. 2014 साली जॉर्ज हॉट्झ नावाच्या अमेरिकन पोराने टॉवेलरूट काढलं. लिनक्सच्या गाभ्यातली एक फट त्याने अशी पकडली की एका बटणावर गॅलेक्सी एस-5 काही क्षणांत मोकळा व्हायचा. पुढे अशा फटी बुजल्या आणि कळीचे उपाय नव्या फोनांवर चालेनासे झाले. त्याआधी नानांचा भाचा किंगरूट नावाच्या अशाच एका कळीच्या ॲपच्या नादी लागला होता. "मामा, झालं! दोन मिनिटांत!" नानांनी फोन पाहिला आणि कपाळाला हात लावला. "अरे, चावी त्याने बनवली आणि स्वतःच्याच कमरेला लावून बसलाय तो. आता त्याला घराबाहेर काढून दाखव." ते काढायला दोघांना रविवार पुरला नाही. भाच्याने त्यानंतर आयफोन घेतला. नाना त्याच्याशी बोलतात, पण हवापाण्याबद्दल.

नानांचा विधी बघण्यासारखा असतो. आधी फोनचा नेमका बिल्ड क्रमांक वहीत उतरवायचा, एक आकडासुद्धा इकडचा तिकडे चालत नाही. मग त्याच क्रमांकाचं फर्मवेअर उतरवून त्यातून बूट इमेज वेगळी काढायची, ती मॅजिस्क या ॲपकडून दुरुस्त करून घ्यायची आणि फास्टबूटने परत फोनमध्ये घालायची. मॅजिस्क लिहिणाऱ्या जॉन वू या तैवानी तरुणाचं नाव नाना आदराने घेतात. त्याने 2016 मध्ये हे काढलं तेव्हा तो विद्यार्थी होता, हे तर भाच्याकडे बघून सांगतात. सगळं चालू असताना घरात मिक्सर लावायचा नाही, कारण वीज गेली तर काय? (केबल लॅपटॉपला असते आणि लॅपटॉपला बॅटरी असते, हे काकूंनी एकदा सांगून पाहिलं.)

रात्रीचे दोन वाजले आणि फोन बूटलूपमध्ये अडकून कंपनीचं चिन्ह पुन्हा पुन्हा दाखवू लागला की नानांचा चेहरा खुलतो. पहिल्या फटक्यात जमलं तर त्या रात्री त्यांना नीट झोप लागत नाही.

एवढं करून फोनचं करायचं काय? हा प्रश्न विचारायचा नसतो. काकूंच्या फोनमध्ये कंपनीने घातलेला एक खेळ होता, तो त्यांना नको होता. सेटिंगमध्ये जाऊन बंद करता आला असता. नानांनी फोन रूट केला. बूटलोडर उघडताना आतलं सगळं पुसलं जातं, हा नियमच आहे. तेव्हा नातवाच्या बारशाचे फोटो गेले. खेळही गेला, हे कबूल करायला हवं. दुसऱ्या दिवशी काकू भाजीवाल्यापुढे मेथीची जुडी घेऊन उभ्या, आणि बँकेचं ॲप म्हणतंय, हा फोन सुरक्षित नाही. त्यांनी तिथूनच नानांना फोन लावला. "अहो, तुमच्या मालकीच्या घरातून वीस रुपये निघत नाहीयेत." नाना म्हणाले, "अगं, ॲपपासून रूट लपवायचं मॉड्यूल असतं, रात्री टाकतो." काकूंनी दुसरा फोन घेतला. तो त्या तुरीच्या डाळीच्या डब्यात ठेवतात.

गेल्या महिन्यात नानांनी नवा शाओमी आणला. या कंपनीकडे बूटलोडर उघडायची परवानगी मागावी लागते, आणि मागितल्यावर कित्येक मॉडेलांना 168 तास थांबवतात. अख्खा आठवडा! दुसऱ्या कुणी शिव्या घातल्या असत्या. नानांना मात्र हे तप फार आवडलं. एकेकाळी भारतीय ज्योतिषी ज्या गावावरून रेखांश मोजत, त्या गावात राहून वेळ मोजायची संधी कोण सोडेल? त्यांनी पंचांग काढलं. 168 वा तास नेमका राहुकाळात येत होता, म्हणून दीड तास आणखी थांबायचं ठरलं.

त्याच आठवड्यात सोमवारी मी महाकालाला गेलो होतो. सामान्य दर्शनाची रांग वळणावळणाने कुठवर गेली होती ते दिसत नव्हतं. घामाघूम होऊन उभा होतो, तेवढ्यात शेजारच्या मोकळ्या वाटेने अडीचशे रुपयांची शीघ्र दर्शनाची पावती हातात धरून नाना झपाझप जाताना दिसले.

"नाना," मी कठड्यावरून ओरडलो, "हे रेडिमेड नाही का झालं?"

नाना थांबले. विचार करत नाही, असा त्यांचा चेहरा कधीच नसतो.

"तिथली गोष्ट वेगळी रे," ते म्हणाले. "देवाचा बूटलोडर आधीपासून उघडाच आहे. पुढे हो, तुझ्या पुढची रांग सरकली बघ."