समूहवाचक मास्तर

हातात छत्री, खिशात खडूचा तुकडा आणि जिभेवर इंग्रजी व्याकरणाचा अव्याहत अंमल असलेले एक निवृत्त मास्तर पेणच्या बाजारपेठेत सकाळच्या प्रहरी फिरणाऱ्या कोणाही सद्‌गृहस्थास केव्हा ना केव्हा गाठल्यावाचून राहत नाहीत. हा नमुना एकट्या पेणेचा नव्हे. रोह्यासही तो आहे, आणि रेन व मार्टिन यांचे व्याकरण जेथे जेथे छडीच्या धाकाने पाठ करवून घेतले गेले, तेथे तेथे तो निवृत्तिवेतन घेत नांदतो आहे. परमेश्वराने प्राणिमात्र निर्माण केले खरे, परंतु त्यांची गटवार नोंद ठेवण्याचे काम इंग्रजांकडे सोपविले, आणि इंग्रज गेल्यावर ते दप्तर बिनतक्रार आपल्या ताब्यात आले, अशी या मास्तरांची प्रामाणिक समजूत असते.

गुरांचा 'हर्ड', मेंढरांचा 'फ्लॉक', लांडग्यांचा 'पॅक' आणि सिंहांचा 'प्राइड' त्यांना संध्येच्या चोवीस नावांप्रमाणे मुखोद्गत असतात. सिंह त्यांनी उभ्या हयातीत पाहिला तो राणीच्या बागेत, आणि तोही एकटाच. एकट्याला 'प्राइड' लाभणे व्याकरणदृष्ट्या अशक्य म्हणून त्या वनराजाविषयी त्यांना केवळ अनुकंपा वाटली. किल्ल्यांचा काय असतो, या प्रश्नास वडखळच्या एका पोराने, किल्ल्या आईच्या कमरेला असतात, असे वस्तुस्थितीस धरून उत्तर दिले, तेव्हा त्यास शून्य गुण मिळाले. वास्तविक यांतली 'प्राइड'सारखी नावे जन्मास आली ती शिकारीचा षौक करणाऱ्या विलायती उमरावांच्या शिष्टाचारातून. 1486 साली सेंट ऑल्बन्स येथे छापलेल्या ग्रंथातील त्यांच्या यादीत संन्यासिनींच्या समुदायासही 'सुपरफ्लुइटी', म्हणजे अतिरेक, असे नामाभिधान आहे. परंतु त्या उमरावांची थट्टा आमच्या मास्तरांनी श्रुतिवचनाप्रमाणे शिरोधार्य मानली.

तिचा परिणाम एकदा भोगावतीच्या काठी दिसला. दहाव्याचे पिंड मांडलेले, मंडळी उन्हात ताटकळलेली, आणि कावळा काही केल्या शिवेना. कोणी नातवाच्या मुंजीचे वचन दिले, कोणी थोरल्या सुनेच्या पाटल्यांचे. अखेर समोरच्या झाडावरून दहाबारा कावळे एकदम उतरले, तेव्हा भारावलेल्या मास्तरांच्या तोंडून मोठ्याने उद्‌गार निघाला, "मर्डर!" कावळ्यांच्या समूहास इंग्रजीत हाच शब्द आहे, हे त्यांनी लागलीच विशद केले, पण तोवर कावळे उडाले होते आणि दिवंगताचे धाकटे जावई विनाकारण पांढरेफटक पडले होते.

असा हा पंडित बाजारात मात्र हतबल होतो. पावसाच्या तोंडी कातकरणी शेवळांच्या जुड्या घेऊन बसतात आणि जुडीबरोबर चार काकडे देतात. या चार काकड्यांस समूहवाचक नाम कोणते, याचा निर्णय अद्याप लागलेला नाही. कोळणीपुढे तर व्याकरणाचे काहीच चालत नाही. मासळी पाण्यात असते तोवर 'शोल', जाळ्यात येताच 'कॅच', इतके मास्तरांस ठाऊक, पण पाटीवर मांडलेला वाटा म्हणजे नक्की किती नग, अशी पृच्छा त्यांनी केली, तेव्हा, "मोजता कशाला, मास्तर? वाटा हाय तो. घ्यायचा असंल तर घ्या," एवढाच जबाब मिळाला; आणि वर पदरची दोन मांदेली पडल्यामुळे जी काही व्याख्या मनात जुळत आली होती, तीही मोडली.

लेक रोह्यास दिलेली असल्यामुळे मास्तर अधूनमधून दिवा–रोहा गाडीने तिकडे जातात, आणि कासू, नागोठणे, निडी ही स्थानके ओलांडीपर्यंत डब्यातील विद्यार्थिवर्गाची उजळणी घेतात. कुंडलिकेच्या काठी त्यांचे रोहेकर प्रतिस्पर्धी सज्जच असतात. 1943 साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर होऊन ज्यांनी साऱ्या देशाच्या रकमा सांभाळल्या, त्या चिंतामणराव देशमुखांचे बालपण ज्या गावात गेले, त्या गावास परिमाणाचे शब्द शिकवू नयेत, असा त्यांचा मुद्दा. त्यावर, पेण तालुक्यातल्या गागोद्यास जन्मलेल्या विनोबांनी जमीन मागितली ती लाखो एकरांच्या हिशेबात, हा पेणकरांचा प्रतिवाद.

तरीही उभयतांनी निवृत्त इंग्रजी शिक्षकांची एक कमिटी स्थापण्याचे योजिले, आणि पहिल्याच ठरावाच्या पहिल्याच वाक्यात, कमिटीपुढे 'इज' लिहावे की 'आर', येथे घोडे अडले. नियम दोघांसही पाठ होता: सभासद एकमताचे असतील तर क्रियापद एकवचनी, मतभेद असतील तर अनेकवचनी. पेणकर 'इज' म्हणाले, रोहेकर 'आर' म्हणाले, आणि ज्या अर्थी वाद झाला त्या अर्थी रोहेकरांचे म्हणणे तत्क्षणीच सिद्ध झाले. पेणकरांनी ते दिलदारपणे मान्य केले. परंतु मान्य करताच एकमत झाल्यामुळे पुन्हा 'इज' बरोबर ठरले, आणि रोहेकरांनी त्यास तीव्र हरकत घेतली. ठराव सांप्रत क्रियापदावाचून दप्तरी दाखल आहे.