आतून कडी

आमच्या नगर जिल्ह्यात पोट दुखते म्हणून सांगितले, तर दोघे-तिघे औषध सुचवतात. गाडीची बॅटरी बसली म्हणून सांगितले, की अख्खी आळी पान्हे घेऊन येते. (जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, पण बॅटरी बसल्यावर तोंडात जुनेच येते.) ट्रॅक्टर, पिकअप, फवारणीचा पंप, घरचा इन्व्हर्टर, अशी एखादी तरी बॅटरी प्रत्येकाने खांद्यावर घालून तालुक्याला नेलेली असते आणि तिच्या ॲसिडने एक पँट भोकांची करून घेतलेली असते. त्या भोकांतून मिळालेला अधिकार कोणी सहजासहजी सोडत नाही.

राज्य सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. ते आमच्या मेहुण्याने जवळजवळ एकट्यानेच मनावर घेतले. जुन्या ट्रॅव्हलरमध्ये त्याने पलंग, फ्रीज, इन्व्हर्टर बसवला, छपरावर सोलर आणि पलंगाखाली १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी. पावसाच्या तोंडावर भंडारदऱ्याचे काजवे पाहून झाले, की गाडी राजूरला माझ्या मामासासऱ्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये लागते. वरून ताडपत्री. सोलरसकट.

दिवाळीनंतर साम्रदला जायचे, सांदण दरी पाहायची, गाडीतच झोपायचे असे ठरले. मेहुण्याने ताडपत्री ओढली, दिव्याचे बटण दाबले. अंधार. बॅटरीला मीटर लावला, शून्य.

"दाजी, गेली," तो म्हणाला. बॅटरीची खरी किंमत त्याने तोवर घरात कोणाला सांगितली नव्हती. त्या दिवशी ती बाहेर आली.

माणसे जमली. मामांनी पहिला प्रश्न टाकला, "पाणी टाकलं होतं का?" लिथियमच्या बॅटरीत पाणी टाकत नाहीत, तिला तशी बुचेच नसतात, असे मेहुण्याने सांगितले. "बुचंच नाहीत? मग फसवलं तुला," मामा म्हणाले. शेजारचे ट्रॅक्टरवाले जंपर केबल घेऊनच आले होते. "डायरेक्ट द्या. एक झटका बसला की उठती." बॅटरीच्या दुकानदाराने बाहेरूनच निदान केले, की ही भंगार आहे, वर म्हणाला, शिशाला भाव येतो, हिला तोही नाही. गावातले एक निवृत्त रिसालदार होते, त्यांची उमेदीची वर्षे रणगाड्यांत गेलेली. ते म्हणाले, "टी-५५ची बॅटरी बसली तरी आमचं अडत नव्हतं. दाबलेल्या हवेनं इंजिन सुरू व्हायचं." हे अगदी खरे आहे, त्या रणगाड्याला तशी सोय असते. फक्त ती फ्रीजला लागत नाही. मग त्यांनीच बॅटरी नगरला व्हीआरडीईत न्यायला सांगितले. डीआरडीओची ही प्रयोगशाळा लष्करी वाहनांवर काम करते. पलंग बसवलेली ट्रॅव्हलर पाहून तिथल्या पहारेकऱ्याने काय केले असते, ते मला डोळ्यांपुढे दिसले.

गर्दीच्या मागे मोबाईल दुरुस्त करणारा पोरगा उभा होता. त्याला कोणी विचारत नव्हते, कारण त्याच्या दुकानातली सगळ्यात मोठी बॅटरी खिशात मावते. तोच म्हणाला, "मेली नाय ही. बंद झालीय."

फरक मोठा आहे. या बॅटरीत ३.२ व्होल्टचे चार सेल असतात, मिळून १२.८. त्यांच्यावर बीएमएस नावाचा एक इलेक्ट्रॉनिक पहारेकरी बसवलेला असतो. सेल अडीच व्होल्टच्या आसपास उतरला, की तो बाहेरची वाट तोडतो. मीटरला शून्य दिसते, आत मात्र दहा-एक व्होल्ट शाबूत असतात. ज्या जिल्ह्यात शनिशिंगणापूरच्या घरांना परंपरेने दारेच नाहीत, तिथे ह्या बॅटरीने आतून कडी घातली होती.

आता ती उघडायची कशी? बरेच चार्जर समोर व्होल्टेज दिसल्याशिवाय कामाला हात लावत नाहीत. सोलरचा कंट्रोलरही बहुधा आधी बॅटरीवरच जागा होतो. म्हणजे चार्जर म्हणणार, आधी बॅटरी दाखवा. बॅटरी म्हणणार, आधी चार्जिंग दाखवा. तहसील कचेरीत नोकरी झालेल्या मामांना एवढा भाग मात्र लगेच समजला.

पोराने आधी वरचे झाकण खोलून एकेक सेल मोजला. तीन सेल अडीचच्या किंचित खाली, चौथा सव्वादोनला. हे मोजणे महत्त्वाचे. सेल फारच खाली जाऊन महिनोन्महिने तसाच राहिला, तर आतल्या पत्र्याचे तांबे विरघळू लागते; पुन्हा चार्ज करताना ते भलतीकडे जमते आणि आतल्या आत शॉर्ट होतो. असा सेल उठवू नये, टाकून द्यावा. आणि जो उठण्यासारखा आहे, त्याला झटका नको. जंपर केबलमधून सुटलेल्या प्रवाहावर कोणाचा ताबा राहत नाही. ट्रॅक्टरवाले नाराज झाले, पण केबल गुंडाळली.

मग पोराने दुकानातला पॉवर सप्लाय आणला. मोबाईलवाल्यांकडे तो असतोच. व्होल्टेज ठरवून लावला, करंट दोन अँपिअरवर बांधला आणि स्टूल ओढून बसला. बीएमएस बाहेर जाणारी वाट बंद करतो, आत येणारी सहसा उघडी ठेवतो, त्यामुळे थेंबथेंब प्रवाह आत जाऊ लागला. दर थोड्या वेळाने तो सेलवर हात ठेवून बघायचा. ऊन लागला तर थांबायचे, एवढाच नियम. बॅटरीसोबतच्या पुस्तिकेत, गोठणबिंदूखाली चार्ज करू नये, असे ठळक अक्षरात छापले होते. राजूरला ती अडचण आली नाही.

वेळ होता, म्हणून मी मंडळींना सांगितले, की या बॅटरीतले रसायन ज्या शोधनिबंधातून जगापुढे आले, तो १९९७चा. त्यावर पाढी आणि नंजुंदस्वामी ही दोन आपल्याकडची नावे आहेत आणि तिसरे जॉन गुडइनफ यांचे. गुडइनफना लिथियम बॅटरीवरच्या कामासाठी २०१९ साली नोबेल मिळाले तेव्हा ते ९७ वर्षांचे होते. रिसालदारांनी टोपी सारखी केली. मामा म्हणाले, "मग एवढ्या लवकर कशी मरंल?"

सेल तीनच्या वर आले, बीएमएसने वाट मोकळी केली, गाडीतला दिवा लागला. पुढचे काम गाडीच्या चार्जरने केले. चौथा सेल अजून इतरांच्या आधी थकतो, पण फ्रीज चालतो.

दोषी कोण, तेही पोरानेच दाखवले. इन्व्हर्टर नुसता चालू राहिला, काही न चालवता, तरी तासाला एखादा अँपिअर-अवर खातो. दिवसाचे २४ झाले. भरलेली बॅटरी चार-पाच दिवसांत संपली, बाकीचा पावसाळा ती कडी घालून बसली. तो स्विच कोणी चालू ठेवला, यावर घरात दोन तट आहेत.

तुमची गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल, तर बॅटरी निम्मी-पाऊण भरून ठेवा, इन्व्हर्टरची वायरच सोडा आणि महिन्यातून एकदा मीटर लावून बघा. शून्य दिसलेच, तर आळीला कळायच्या आत मोबाईलवाल्याला बोलवा.