घेऊ की नको

चंद्रपूर जिल्ह्यात ज्याच्याकडे बंदूक आहे त्याला कोणी विचारत नाही. निवडणूक लागली की तो मुकाट्याने ती पोलीस ठाण्यात जमा करतो, निकाल लागला की परत आणतो आणि परवान्याच्या नूतनीकरणासाठी कचेरीच्या पायऱ्या चढतो. खरा मान आहे तो बंदूक घेणार असलेल्या माणसाला. त्याला पानठेल्यावर खुर्ची मिळते. मूल तालुक्यातले आमचे मालक गेली कित्येक वर्षं त्या खुर्चीवर बसून आहेत.

मालक म्हणजे मालगुजाराचे नातू. मालगुजारी १९५१ साली गेली. तलाव सरकारजमा झाले, त्यांच्या नावाआधी ‘माजी मालगुजारी’ लागलं आणि लोकांनी त्याचा ‘मामा तलाव’ करून टाकला. मालकांच्या मागे-पुढे ‘माजी’ लावायची मात्र अजून कोणाची छाती झालेली नाही. आजोबांनी वाघ मारला होता. एकच, पण फोटो आहे. फोटोत वाघ आडवा, आजोबा उभे आणि कडेला अर्धा कापला गेलेला एक हाकेवाला, जो खरं तर वाघाच्या सगळ्यांत जवळ गेला असणार.

मालकांना साधं रिव्हॉल्व्हर नको. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं बत्तीस बोअरचं त्यांच्या मते बँकेच्या कॅशियरने बाळगावं. त्यांना हवंय .४४ मॅग्नम, आणि तेही वापरलेलं, ‘हात बसलेलं’. हे काडतूस आणि त्याचं रिव्हॉल्व्हर अमेरिकेत १९५५ साली निघालं. आयडाहोतल्या एल्मर कीथ नावाच्या गृहस्थाला मोठी जनावरं रिव्हॉल्व्हरने मारायची हौस होती. त्याने पाठपुरावा करून कंपन्यांच्या गळी ते उतरवलं. नेमक्या त्याच १९५५ साली इकडे ताडोबा राष्ट्रीय उद्यान झालं. तिकडे शिकारीचं हत्यार जन्माला आलं, त्या वर्षी इकडे शिकारीचं बिऱ्हाड उठायला लागलं. मालकांना हा योग शुभ वाटतो.

“साडेपंधरा ग्रॅमची गोळी असते जी! बत्तीसची सहा-साडेसहा. वजन पाहा, सव्वा किलोच्या वर,” असं ते तळहात खालीवर करत सांगतात, तेव्हा समोरच्यालाही हात दुखल्यासारखं होतं. मालकांनी ती वस्तू अजून पाहिलेली नाही. पण झाडीपट्टीच्या नाटकात वडशाच्या कंपनीचा खलनायक खिशातून रिव्हॉल्व्हर काढतो, नायिका किंचाळते, आणि त्या शांततेत पहिल्या रांगेतून मालकांचा आवाज येतो, “बत्तीस आहे. घाबरू नका.”

पानठेलेवाल्याने एकदाच चुकीचा प्रश्न विचारला. “पण मालक, मारायचं का हाय त्यानं?”

वाघ मारायचा प्रश्नच नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर वाघ मारणाऱ्याचा फोटो भिंतीवर लागत नाही, पोलिसांच्या फायलीत लागतो. राहिलं रानडुक्कर. धानाच्या बांध्यांचा ते चिखल करतं, हे खरं. पिकांची नासाडी करणारं रानडुक्कर आणि रोही मारण्यासाठी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडून परवानगी मिळण्याची सोय सरकारने २०१५ मध्ये केली, हेही खरं. पण डुक्कर येतं अमावास्येच्या रात्री, आणि मालकांना दिवसा चष्म्याशिवाय डुक्कर आणि सरपंच यांतला फरक कळत नाही. त्यांच्या शेतातली डुकरं मचाणावरचा गडी पळवतो. त्याचं हत्यार म्हणजे तेलाचा रिकामा डबा आणि एक काठी. दोन्हींना परवाना लागत नाही.

“अस्वल!” मालक म्हणाले. मोहफुलं पडायला लागली की अस्वलाची भीती असते, यात शंका नाही. फक्त त्या दिवसांत पहाटे टोपली घेऊन रानात जातात त्या गावातल्या बाया, आणि मालक उठतात नऊला.

कायद्याचा मात्र मालकांइतका अभ्यास तालुक्यात कोणाचा नाही. ते पाठ म्हणून दाखवतात: २०१९ च्या दुरुस्तीपासून माणशी दोनच हत्यारं. आपलं हत्यार दुसऱ्याला विकायचं तर आधी लेखी कळवायचं आणि त्यानंतर ४५ दिवस थांबायचं. अभयारण्याच्या दहा किलोमीटरच्या आत नवा परवाना हवा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची संमती लागते. यावर मालकांनी आपलं घर अंधारी अभयारण्यापासून किती लांब आहे ते मोजायला घेतलं. रस्त्याने मोजलं तर ते दहाच्या बाहेर पडतं, कावळ्याच्या वाटेने मोजलं तर आत. तेव्हापासून कोणती वाट धरावी याचा विचार चालू आहे. बोअरचा घोळ वेगळाच. “अडतीस निषिद्ध, पंचेचाळीस निषिद्ध. म्हणजे मधलं चव्वेचाळीस सरकारने कोणासाठी सोडलं असेल?” असं विचारून ते छातीवर हात ठेवतात.

मालकीणबाईंना कोणीतरी म्हणालं, “घेऊन टाका ना एकदाचं, मालक खूश होतील.” त्या तांदूळ निवडत म्हणाल्या, “घेतलं तर मग बोलतील काय?”

आता विकणाऱ्याविषयी. तो अहेरीकडचा, जुन्या शिकारी घराण्यातला. त्याच्या वडिलांनी परदेशी माल अजून येत होता त्या काळात ते रिव्हॉल्व्हर आणवलं. पुढे गडचिरोलीचे दिवस पालटले. घरात हत्यार आहे म्हटल्यावर रात्री दारावर थाप पडायची भीती, म्हणून ते ठाण्यात जमा झालं आणि तिथेच राहिलं. घेणाऱ्याने ते पाहिलेलं नाही आणि विकणाऱ्याला ते नीट आठवत नाही. त्यामुळे वस्तूच्या दर्जाबद्दल दोघांचं कधी दुमत झालं नाही. मालक ‘घेऊ की नको’ करतात, अहेरीकर ‘देऊ की नको’ करतात. मंडईला हे तिकडे जातात, शंकरपटाला ते इकडे येतात. दोन्ही घरच्या लग्नांत दोघे मानाचे पाहुणे असतात. बोलणी नेहमी जेवणाआधी सुरू होतात आणि रस्सा वाढला की पुढच्या खेपेवर जातात.

मध्यंतरी मोठंच विघ्न आलं. एक ठेकेदार रोख रक्कम, परवाना आणि सगळी कागदपत्रं घेऊन अहेरीत उभा राहिला. तसा रिवाज नाही. अहेरीकरांनी घाबरून फोन केला. मालकांनी पहिली एसटी पकडली; गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली करत दुपारी पोचले. दोघांनी ठेकेदाराला मधे बसवून पोटभर कोंबडी खाऊ घातली आणि समजावलं. घोडा अडकतो, असं विकणारा म्हणाला. नळी गंजली असणार, असं घेणारा म्हणाला. काडतुसं मिळत नाहीत, दुरुस्ती करणारा जिवंत नाही, यावर दोघांचं एकमत झालं. ठेकेदार हात धुऊन उठला आणि त्या पैशांत त्याने सेकंडहँड बोलेरो घेतली.

तो गेल्यावर अहेरीकरांनी सुपारी कातरली आणि म्हणाले, “मालक, गिऱ्हाईक येऊन गेलं. आता भाव पन्नास हजारांनी वाढला.”

मालक परतले ते फार खुशीत होते. पानठेल्यावर खुर्ची ओढून त्यांनी सांगितलं, “भाव बदलला बापा. आता सगळा विचार पहिल्यापासून करावा लागते.”