समन्वयक नेमणे आहे

ओपन सोर्स प्रकल्प जरा नावारूपाला आला, की कुणीतरी नवखा येऊन विचारतो, "हे इन्स्टॉल कसं करायचं?" उत्तर येतं, "डॉक्स वाच." तो म्हणतो, "वाचली. त्यात दिलेली कमांडच आता अस्तित्वात नाही." यावर सगळे गप्प. मग ठराव येतो: डॉक्युमेंटेशनसाठी एक स्वयंसेवक समन्वयक नेमावा. एरवी टॅब की स्पेस यावर रात्र रात्र भांडणारी मंडळी या ठरावाला पाच मिनिटांत हात वर करतात. करणारच. समन्वयक आला की लिहिण्याची ब्याद त्याच्या गळ्यात. गणेशोत्सव मंडळात स्मरणिका ज्याच्याकडे येते, त्याच्यासारखीच याची गत: लेखांसाठी सगळ्यांच्या मागे लागायचं, आणि अंक निघाला की मुद्रणदोष ऐकून घ्यायचे.

जाहिरात वाचण्यासारखी असते. गिट यायला हवं, मार्कडाउन यायला हवं, कोड वाचता यायला हवा, इंग्रजी सफाईदार हवं आणि माणसं सांभाळता यायला हवीत. वेळ: आठवड्याला दोन-तीन तास (हे कुणाच्या घड्याळात, ते विचारू नये). मानधन: योगदानकर्त्यांच्या यादीत नाव. अधिकार: हा रकानाच नसतो.

गिटहबने २०१७ साली ओपन सोर्सवाल्यांचं सर्वेक्षण केलं. ९३ टक्के लोकांनी सांगितलं, अपुरी किंवा शिळी डॉक्स सगळीकडे दिसतात. त्याच सर्वेक्षणात ६० टक्के योगदानकर्त्यांनी कबूल केलं, की आपण डॉक्सना क्वचित हात लावतो किंवा लावतच नाही. या दोन गर्दींत तीच माणसं नसतील, असं मानायला फारच भाबडं असावं लागेल. पैशाची तऱ्हा तीच. ओपन सोर्ससाठी कोड लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना गूगल २००५ पासून उन्हाळी पैसे देऊ लागली. डॉक्स लिहिणाऱ्यांसाठी तशी योजना यायला २०१९ उजाडलं. चौदा वर्षं कोड बहुधा स्वयंस्पष्ट होता.

खरं तर डॉक्स लिहिण्याच्या या धंद्याची सुरुवात बरी झाली होती. युनिक्सचं पहिलं मॅन्युअल नोव्हेंबर १९७१ चं. त्यात पानापानावर 'बग्स' असा मथळा असायचा. आपल्या मालात खोट काय आहे, हे मालकानेच लिहून ठेवायचं! आजही लिनक्सच्या टर्मिनलवर 'मॅन' (म्हणजे मॅन्युअल) लिहून पुढे 'गेट्स' टाका (बिलशी संबंध नाही, हे सी भाषेतलं एक फंक्शन आहे). वर्णन सुरू होतं तेच मुळी 'हे कधीही वापरू नका' अशा तंबीने. कारण समोरून किती मजकूर येतोय ते हे फंक्शन बघतच नाही. जागा संपली तरी ओतत राहतं. १९८८ च्या मॉरिस वर्म या घुसखोर प्रोग्रामने याच खिंडारातूनही यंत्रांत शिरकाव केला होता. सी भाषेच्या मानकातून ते हटवायला मात्र २०११ साल यावं लागलं.

ही मॅन पेजेस म्हणजे लिनक्सच्या कर्नलचं आणि सी लायब्ररीचं गाऱ्हाण्यांसकट लिहिलेलं दप्तर. मायकल केरिस्क यांनी ते २००४ पासून दीड दशकाहून जास्त सांभाळलं. मग ॲलेहान्द्रो कोलोमार आले. सर्व्हरपासून अँड्रॉइड फोनपर्यंत सगळ्यांच्या पोटात जे कर्नल आहे, त्याचं हे दप्तर ते फावल्या वेळात बघत होते. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांनी जाहीर केलं, की कुणी प्रायोजक नाही, आता परवडत नाही, म्हणून काम 'तात्पुरतं आणि अनिश्चित काळासाठी' थांबवतो. सरकारी निलंबनाच्या आदेशातही इतकी चोख शब्दयोजना सापडणार नाही. आणि काय आश्चर्य! त्यानंतर गूगल, मेटा आणि आणखी दोघांनी मिळून लिनक्स फाउंडेशनमार्फत त्यांच्या पैशाची सोय केली. एका वर्षापुरती. ज्या कंपन्यांचा सगळा पसारा लिनक्सवर उभा, त्यांना या कामाची किंमत कळायला काम बंद पडावं लागलं. समन्वयकांच्या जाहिराती काढणाऱ्यांनी संपाचं हे तंत्र अर्जदारांच्या कानावर पडू देऊ नये.

पैसे नसतील तर नसोत, बहुतेक प्रकल्पांकडे खरंच नसतात. पण एक गोष्ट फुकट देता येते. नवं फीचर कोडमध्ये घेण्याआधी त्याचं पान लिहिलेलं हवं, नसेल तर समन्वयक ते अडवू शकेल, एवढा एकच अधिकार द्या. हे सुचवून बघा. 'रिलीज लांबेल', 'योगदानकर्ते दुखावतील', 'आपण इथे मजेसाठी जमलोय' अशी कारणं धडाधड पडतील, आणि ती देणारा हमखास तोच निघेल ज्याचं फीचर मागच्या दोन रिलीजपासून बिनकागदी फिरतंय. समन्वयक मग काय करणार? विनंती करणार. आठवण करणार. दोन आठवड्यांनी पुन्हा आठवण करणार. शेवटी स्वतःच कोड उघडून अंदाजाने पान लिहिणार, आणि ते चुकलंय हे फीचरवाला पाच मिनिटांत दाखवून देणार. ही पाच मिनिटं त्याच्याकडे आधी नव्हती.

सहा महिन्यांत समन्वयकाला 'नोकरीत काम वाढलं' म्हणून जावं लागतं. मंडळी मनापासून आभार मानतात आणि तीच जाहिरात पुन्हा काढतात. नवा येतो, भाबडेपणाने विचारतो, आधीच्यांनी काय काय केलं याची काही नोंद आहे का?

ती आधीचे समन्वयक लिहिणार होते.